गडाच्या पायथ्याचं गाव

आम्ही कतारमधल्या दुखानला राहायला आलो त्या संध्याकाळी शेजारच्या बंगल्यातले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ चहाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून आमच्या दारात उभे राहिले. "कप तेवढे तुम्ही शोधा," म्हणाले, "माझे दोन्ही हात गुंतलेत." घरभर खोकी पडलेली, सई तेव्हा चार वर्षांची, ती भोकाड पसरून बसलेली, गीझर गळत होता आणि कंपनीचा प्लंबर 'उद्या, इन्शाल्ला' म्हणून निघून गेला होता. काकांनी गळतीकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आमच्या गावच्या मेअरबाई असत्या ना, तर हा प्लंबर आत्ता पळत परत आला असता."

मी नाशिकची. परदेशात कुणी 'आमच्या गावच्या' म्हटलं की माझे कान टवकारतात. "तुमच्याकडे नगराध्यक्ष बाई आहेत वाटतं? कुठलं गाव काका तुमचं?"

"तसा मी निफाडकडचा. पण मेअरबाई अमेरिकेतल्या. वारल्या त्या, फार वर्षं झाली."

एवढं बोलून ते एका खोक्यावर बसले आणि निवांत चहा प्यायले. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने गीझरकडे. शेजार विचित्र मिळालाय अशी माझी त्याच क्षणी खात्री झाली, आणि पुढे सगळी वर्षं ती पक्कीच होत गेली.

गावाचं प्रकरण असं होतं. नोकरीला लागल्या लागल्या काकांना त्यांच्या तेव्हाच्या कंपनीने गॅसचे कंप्रेसर शिकायला अमेरिकेत पाठवलं होतं. उत्तरेकडचं एक एवढंसं गाव. एक कारखाना, एक नदी, एक चर्च आणि बर्फ. काका एक अख्खा हिवाळा तिथे एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिले. बाईंना मूलबाळ नव्हतं. गावातल्या बंबखान्याच्या माडीवर त्यांनी गावातल्या जुन्या मोठ्या माणसांच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या, त्या खोलीला त्या म्युझियम म्हणायच्या. तिथे कुणी फिरकत नसे. मग रात्रीच्या जेवणानंतर ह्या बाई रोज काकांना पुढ्यात बसवायच्या आणि त्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या. काका शाकाहारी, उकडलेले बटाटे खाऊन कंटाळलेले, घरच्या आठवणीने रडकुंडीला आलेले. ऐकत बसायचे. निघायच्या दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, "ह्या माणसांना माझ्याशिवाय कोणी नाही. मी गेले की संपलं. तू जाशील तिथे यांना सांगत राहा." काकांनी शब्द दिला.

आता असा शब्द आपण कितीदा देतो. लग्नाच्या हॉलमध्ये 'या हं नक्की घरी' म्हणतो, तसाच की तो. पण काकांनी पाळला. जातील तिथे पाळला. पुढे दुखानला नोकरी मिळाली, तर इथले कंप्रेसर नेमके त्याच गावातल्या कारखान्याचे. काकांना तो शुभशकुन वाटला आणि आम्हा सगळ्यांच्या राशीला ते गाव आलं.

गावात एक दातांचे डॉक्टर होऊन गेले. ते दात उपटताना पेशंट ओरडायचा आणि बाहेर बसलेले बाकीचे पळून जायचे, म्हणून डॉक्टरांनी खिडकीखाली बँड बसवला. चिमटा हातात घेतला की खूण करायची आणि बँडने जोरात वाजवायचं. होता होता तो बँड इतका तयार झाला की खुद्द राष्ट्राध्यक्षांसमोर वाजवून आला. मेअरबाई अशा की गावातल्या पुरुषांनी गंमत म्हणून त्यांना निवडून दिलं, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी गावातला दारूचा गुत्ता रात्री नऊला बंद करायचा हुकूम काढला. गुत्ता त्यांच्या नवऱ्याचा होता. आणि तिसरे पूलवाले. त्यांनी नदीवर दगडी पूल बांधला, त्याच वर्षी पूर आला आणि नदीने पात्रच बदललं. पूल कोरड्या शेतात उभा. लोक हसले. पूलवाले म्हणाले, "नदी चुकलीय, पूल बरोबर आहे. येईल परत." आणि ते गेल्यावर म्हणे खरंच एका पावसाळ्यात नदी पुलाखाली परत आली. पुलाची गोष्ट सांगून झाली की काका चष्मा काढून पुसायचे.

प्लँटमध्ये त्यांनी कंप्रेसरना हीच नावं देऊन टाकली होती. माझा नवरा तिथेच कामाला, तो घरी येऊन सांगायचा आणि आम्ही हसून हसून दमायचो. केरळचा ऑपरेटर वॉकीटॉकीवर अगदी गंभीरपणे कळवायचा की मेअरबाई आज जरा तापल्यात. त्यांचा कतारी सुपरवायझर, अतिशय कडक माणूस, तोही म्हणायचा, "खलास, मेअरला बंद करा. यल्ला, डेंटिस्टला चालू करा."

काकू राजापूरकडच्या. त्यांचं लग्न काका अमेरिकेहून परतल्यावर झालेलं, त्यामुळे त्यांनी ते गाव कधी बघितलं नव्हतं. पण मेअरबाईंशी त्यांचं जावाजावांचं नातं होतं. "नवऱ्याच्या धंद्यावर उठलेली बाई, तिचं कौतुक मला नका सांगू," असं त्या आमटी ढवळता ढवळता म्हणायच्या. काका म्हणायचे, "अगं, तत्त्व असतं एकेकाचं." "तत्त्व असूं दे. घरात चूल कशावर पेटत होती ती?" हा वाद मी निदान दर महिन्याला ऐकला असेन, आणि एकदाही कंटाळा आला नाही.

आता किल्ल्याचं सांगते, कारण सगळं घडलं ते किल्ल्यावर. दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला करायचा हा आपला शिरस्ता. दुखानला माती कुठली, सगळी पांढरी भुरभुरीत वाळू आणि चुनखडी. काका बांधकामावरून गाळ आणायचे, बासमतीची रिकामी पोती त्यात बुचकळून दगडांवर पसरायचे, वर अळीव पेरायचे. टाउनशिपमधली सगळी मराठी पोरं त्यांच्या अंगणात. चित्रं पुण्याहून यायची, ज्याची सुट्टी आधी असेल त्याने कपड्यांत गुंडाळून आणायची. गडावर महाराज, तटावर मावळे, दरवाजात तोफ. इथपर्यंत सगळं रीतसर. पण गडाच्या पायथ्याला, जिथे आपण बाजारपेठ आणि शेतकरी मांडतो, तिथे काका त्यांचं अमेरिकेतलं गाव वसवायचे. मावळ्याच्या हातातली तलवार काढून आगपेटीच्या काडीचा चिमटा बसवला की झाले दातांचे डॉक्टर. डोक्यावर घागर घेतलेली गवळण निळी रंगवली की मेअरबाई, घागरीची हॅट. वासुदेव, गोंधळी आणि सनईवाले मिळून बँड. आणि एका बाजूला कोरड्या वाळूत, पाण्यापासून लांब, दगडी पूल.

पहिल्या वर्षी मी सरळ विचारलं. मी आहेच फटकळ. "काका, महाराजांच्या गडाखाली हे काय?"

"गडाखाली गाव नको? आणि महाराजांच्या गडाखाली राहायला कोण नाही म्हणेल? उलट त्यांची सोय झाली."

पोरांना मात्र ते गाव फार आवडायचं. आमची सई इंग्लिश शाळेतली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. ती काकांच्या शेजारी उकिडवी बसून विचारायची, "बट काका, डिड इट हर्ट?" काका म्हणायचे, "दुखायचं तर. पण बँड इतका छान की लोक मुद्दाम दुसरा दात काढायला यायचे."

हे असं सुखाने चाललेलं असताना एका दसऱ्याला आमच्याकडे जेवायला दोह्याहून एक मुलगा आला. पुण्याचा, कुठल्याशा बँकेत कॉम्प्युटरचं काम, मोजक्या दिवसांसाठी आलेला. हुशार. श्रीखंड खाता खाता त्याने काकांची पुलाची गोष्ट ऐकली आणि एका हाताने फोनवर गाव शोधलं. "काका, गाव आहे," म्हणाला. काका खूश. "पण इथे त्या गावच्या नामवंत व्यक्ती दिल्यात, त्यात एकच नाव आहे. बास्केटबॉलवाला आहे कोणीतरी. डॉक्टर नाही, मेअर नाही. पूलही नाही." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पानावरचे सगळे हसले, मीही हसले. कोणीतरी म्हणालं, "काका, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं हो." काका पण हसले, आणि पुरी तशीच ठेवून हात धुवायला उठले.

त्या दिवसापासून पोरांची कुजबुज सुरू झाली. सईने मला रात्री झोपताना विचारलं, "आई, इज काका अ लायर?" मी म्हटलं, असं मोठ्या माणसांना म्हणू नये. ती इंग्रजीत म्हणाली, मी म्हणत नाहीये, मी विचारतेय. आणि दिवाळीच्या आधी पोरांचं शिष्टमंडळ काकांकडे जाऊन सांगून आलं की यंदा फक्त किल्ला. खराखुरा, फोटोतल्यासारखा. खालचं गाव नको. काका 'बरं' म्हणाले. मला इतका राग आला पोरांचा, आणि त्याहून जास्त माझा.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात नवरा ऑफिसातून आला तो बूटसुद्धा न काढता सांगायला लागला. एरवी कंप्रेसरच्या दुरुस्तीला दुबईच्या ऑफिसची माणसं यायची. यंदा काम मोठं होतं म्हणून थेट कारखान्यातून एक बाई आल्या होत्या. काकांच्या गावच्या. जन्मापासून तिथल्या. सकाळपासून प्लँटमध्ये हाच विषय होता, आणि काकांनी मात्र दुपारीच सर्दी झाली म्हणून रजा टाकली होती.

मी तशीच शेजारी गेले. काकू दारातच भेटल्या. "सर्दीबिर्दी काही नाही. घाबरलेत," म्हणाल्या. काका पांघरूण गुडघ्यापर्यंत घेऊन पलंगावर बसले होते.

"काका, तुमच्या गावचं माणूस आलंय आणि तुम्ही इथे?"

"ती म्हणाली की असं कोणी नव्हतंच, तर?"

"तर आम्ही थोडं चिडवू. त्यात काय."

"मला चिडवा की. माझं काही नाही गं," ते म्हणाले. "पण मग ती म्हातारी खोटी ठरते. संबंध हिवाळा ती मला रोज सांगत बसली होती. मी तिला शब्द दिलाय. आणि ती खोटी ठरली तर मी इतकी वर्षं सांगत काय बसलो होतो?"

मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी काहीतरी उपद्व्याप करते. मी त्यांना न विचारता नवऱ्याकरवी त्या बाईंना शुक्रवारी फराळाला बोलावून टाकलं, काकांच्याच अंगणात. म्हटलं जे काय व्हायचं ते चकली खाता खाता होऊ दे.

शुक्रवारी सकाळी बघितलं तर किल्ला पोरांच्या मनासारखा तयार होता, आणि पायथ्याला काकांनी एकट्याने बसून गाव मांडलं होतं. बँडसकट. पोरं घुश्शात बघत होती.

बाई आल्या. पन्नाशीच्या आतल्या, धिप्पाड, हसऱ्या, उन्हाने लाल झालेल्या. काकूंनी त्यांना हळदीकुंकू लावून लाडू दिला, तो त्यांनी एका घासात अर्धा केला. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून उभे. मग त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "हे तुमचं गाव."

बाई खाली वाकल्या. काकांनी डॉक्टर दाखवले, बँड दाखवला. बाईंनी मान हलवली. नाही, ऐकलं नाही कधी. बंबखान्याच्या माडीवरचं म्युझियम? तिथे आता टायरचं गोडाऊन आहे. मेअरबाई? "आमच्याकडे बाई मेअर होती? बरं झालं," त्या म्हणाल्या. कोणीतरी मागे हसलं. काकांचं बोट हळूच पुलाकडे गेलं, आणि मी मनात म्हटलं, आता पुरे, काका, आत चला.

"हा पूल," बाई म्हणाल्या. "हा आहे की. गुरांच्या चाऱ्याच्या दुकानामागे, शेतात. कॉलेजात असताना आम्ही तिथे चोरून सिगारेटी ओढायचो."

काका एकदम पुढे झाले. "आणि नदी? नदी परत आली ना?"

"नाही हो. कधीच नाही. नदी पार पलीकडून जाते."

काकांनी कोरड्या वाळूतल्या पुलाकडे बघितलं. पूल खरा निघाल्याचा आनंद मानावा की नदी न आल्याचं दुःख, हे त्यांना कळेना. आम्हालाही कळेना. आणि तेवढ्यात बाई सरळ उभ्या राहिल्या, त्यांची नजर वर गडावर, तटावरच्या पणत्यांवर गेली, आणि त्या म्हणाल्या, "पण हे मला माहीत आहे. हा राजपुत्राचा किल्ला. तुमच्याकडे कसा?"

बाई सांगायला लागल्या. लहानपणी त्यांच्या शाळेत एक म्हातारी आजी गोष्टी सांगायला यायची. पोरं फार ऐकायची नाहीत, पण एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. फार पूर्वी भारतातून एक राजपुत्र यंत्रं शिकायला गावात आला. त्याच्या देशात दिव्यांचा सण होता आणि सणाला मुलांनी मातीचा किल्ला करायचा अशी पद्धत होती. पण अंगणात बर्फ, माती दिसेना. राजपुत्र रडला. मग त्याने बर्फाचाच किल्ला केला, चार बुरूज, एक दरवाजा, आणि बरण्यांच्या झाकणांत मेणबत्त्या लावून तटावर मांडल्या. वर एक खुर्ची ठेवली, रिकामी, कारण तिथे त्यांच्या राजाशिवाय कोणी बसत नाही. तेव्हापासून पहिला बर्फ पडला की शाळेची पोरं तो किल्ला करतात. "मी केलाय," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझ्या मुलाबरोबर केला. खुर्ची मी बाहुलीची वापरते."

काकू हातातलं ताट तसंच धरून काकांकडे बघत होत्या. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले. "चार दिवसांत वितळला तो. खुर्ची घरमालकीणबाईंच्या शिवणाच्या डब्यातली होती, टाचण्या टोचायची. महाराजांचं चित्र कुठून आणणार तिथे?" आणि मग एकदम भानावर येऊन ते त्या अमेरिकन बाईंकडे वळले. "पण मी राजपुत्र नव्हतो. हे साफ खोटं आहे. माझे वडील निफाडला पोस्टात होते."

कुठलीही गोष्ट खोटी आहे म्हणून काका चिडलेले मी पहिल्यांदाच बघितले. बाईंना काही वेळ लागला, मग त्यांचा हात तोंडावर गेला. "म्हणजे ते तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्या धिप्पाड बाईने काकांना सगळ्यांदेखत मिठी मारली. इस्त्रीच्या शर्टाला बेसन लागलं. काका रडत होते, बाई रडत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही रडत होते आणि हसतही होते.

सगळं शांत झाल्यावर काका खुर्चीवर बसले आणि विचारात पडले. "घरमालकीणबाईंनी मला राजपुत्र केलं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मेअरबाईंनाही थोडं काहीतरी केलं असणार. राष्ट्राध्यक्षांसमोर बँड... कठीण आहे."

"म्हणजे गुत्ता नवऱ्याचा नसेलच, आणि मी इतकी वर्षं तिच्याशी भांडतेय," काकू म्हणाल्या. आणि त्यावर काका जे हसायला लागले ते थांबेनात. त्यांना ठसका लागला. काकूंनी पाठीवर थापट्या मारल्या. ते म्हणाले, "असू दे. मला जसं सांगितलं तसंच मी सांगणार. नदीसुद्धा येणार."

सई तेवढ्यात चित्रांच्या खोक्यात काहीतरी शोधत होती. तिला एक जादा मावळा मिळाला. तिने त्याची तलवार काढली, तिथे घड्याळजींच्या स्क्रू ड्रायव्हरसारखी एक बारीक काडी चिकटवली आणि त्याला नेऊन पायथ्याच्या गावात, मेअरबाई आणि डॉक्टरांच्या मधोमध उभं केलं. काका म्हणाले, "अगं, तिथे मोठी माणसं आहेत. मी काय केलंय?"

सई तोपर्यंत कुणाशीच कधी एक सलग मराठी वाक्य बोलली नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा काका. आमच्या गावात कोण मोठं ते आम्ही ठरवणार."

काका गप्प बसले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन नाशिकला गेले. शेजारच्या बंगल्यात आता एक तमिळ कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत, पण चहा घेऊन कोणी येत नाही. किल्ला आमच्या अंगणात होतो आणि नव्या पोरांना गाव दाखवायचं काम सईने आपण होऊन घेतलंय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकते. गोष्टी दरवर्षी थोड्या थोड्या वाढताहेत.

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर काकांनी पहिला प्रश्न केला, "मी कुठाय?" सईने फोन खाली नेला. मावळा आता मेअरबाई आणि डॉक्टरांच्या मधोमध उभा नव्हता, तो घोड्यावर बसला होता.

"हे काय? मी आयुष्यात घोड्यावर बसलो नाही."

"बसला होतात, काका. बर्फातून आलात तुम्ही त्याच्यावर. पोरांना मी सांगितलंय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि विचारलं, "पांढरा होता की काळा?"